दृष्ट काढायची राहिली

आमच्या घरात देव्हारा नव्हता. लग्नानंतर लालबागच्या चाळीत खोली मिळाली, तेव्हा भिंतीत आधीच्या भाडेकरूंनी देवांसाठी केलेला एक कोनाडा होता. बायकोने त्यात शाळेच्या वह्या तपासायचं लाल पेन, डिंकाची बाटली आणि माझा चष्मा ठेवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात शेजारणी एकेक करून तो कोनाडा बघून गेल्या. एकीने न राहवून विचारलंच, "बाई, मग तुम्ही संध्याकाळचा दिवा लावता तरी कुठे?" बायकोने वर बोट केलं. वर साठचा बल्ब होता. सगळ्या हसल्या, आणि तिच्याशी त्या विषयावर पुन्हा कोणी बोललं नाही. माझ्याशी मात्र बोलायचे, कारण मी बोलायला लावायचो.

आमचं लग्न नोंदणीने झालं. मुंडावळ्या नाहीत, मंगळसूत्र नाही. आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो, आणि चाळीत कोनाड्यापेक्षा त्याचाच बोभाटा जास्त झाला. घराचे दोन नियम होते. जे पटत नाही ते करायचं नाही आणि जे खरं नाही ते बोलायचं नाही. देव मानत नाही तर मग चांगलं वागता कशाच्या जोरावर, असं लोक विचारायचे तेव्हा मी हे दोन नियम ऐकवायचो. ती त्यात आणखी एक घालायची, की समोरच्याला काय होतंय ते बघायचं. मला तो नियम वाटायचा नाही. मास्तरीण आहे, मुलांना सांगते तसं काहीतरी सांगते, असं मी धरून चालायचो.

मी सरकारी कचेरीत कारकून होतो. आठवडाभर फायली आणि रविवारी आमच्या विवेकवादी मंडळींबरोबर प्रयोग. नारळावर पाणी शिंपडून जाळ काढायचा, लिंबातून रक्त काढायचं आणि मग त्यामागची रसायनं लोकांना सांगायची. माझा हातखंडा विषय होता दृष्ट. मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन माणसावरून ओवाळायच्या, मग निखाऱ्यावर टाकायच्या. ठसका लागला नाही तर दृष्ट लागली होती असं समजायचं, हे घरोघर चालतं. मी स्टेजवर दोन घमेली ठेवायचो. एकात फुललेले निखारे, दुसऱ्यात विझत आलेले. फुललेल्यावर मिरची चटकन जळून जाते आणि कोणी शिंकत नाही. विझत आलेल्यावर ती धुमसते आणि अख्खं सभागृह खोकायला लागतं. लोक खोकत खोकत टाळ्या वाजवायचे. परळ, चिंचपोकळी, भायखळा, सगळीकडे मी तो प्रयोग केला, आणि खोटं कशाला बोलू, टाळ्या मला आवडायच्या.

गणपतीच्या दहा दिवसांत दर्शनाची रांग आमच्या चाळीच्या तोंडाशी यायची. लोक तासन् तास उभे असायचे, लहान पोरं कडेवर घेऊन. आम्ही दोघं पिंप भरून पाणी द्यायला उभे राहायचो. देव मानत नाही म्हणून तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही असं थोडंच आहे! मी पेला पुढे करताना एखादा प्रश्न विचारायचो, की नवस फेडला नाहीत तर देव नेमकं काय करील? माणसं तहानलेली असल्यामुळे ऐकून घ्यायची. बायको नुसतं पाणी द्यायची. एकदा मला म्हणाली, "अरे, आधी पिऊ तरी दे त्यांना." हे वाक्य मी पुढे भाषणांत विनोद म्हणून वापरत असे.

चाळ पडली आणि तिच्या जागी टॉवर आला. आम्ही चौदाव्या मजल्यावर गेलो आणि चाळीत आमच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या वहिनी सोळाव्या. वहिनी मालवणकडच्या. नवरा गेल्यापासून एकट्याच असतात. तो गेला तेव्हा बायको तीन दिवस त्यांच्याकडे जाऊन बसत होती. काय बोलत होतीस, असं मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही रे, शेंगा सोलत होतो."

तिला निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि आजार निघाला. पोटातला होता, उशिरा कळला. डॉक्टरांनी मला बाहेर पॅसेजमध्ये बोलावून सांगितलं आणि वर म्हणाले, पेशंटला इतक्यात सगळं सांगू नका. मी आत गेलो आणि सगळं सांगितलं. आमचं तसं ठरलेलंच होतं, ज्याला होईल त्याला दुसऱ्याने खरं सांगायचं. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. नाहीतर तुझ्या तोंडावरून ओळखत बसावं लागलं असतं." त्या दिवशी मला आमचा फार अभिमान वाटला. आजही मला वाटतं, ते सांगणं चुकलं नव्हतं.

त्यानंतर मी कामाला लागलो. मला फायलींची सवय. तिच्या रिपोर्टांची मी फाईल केली, तारखेप्रमाणे, वर अनुक्रमणिका. गोळ्यांचं वेळापत्रक फ्रीजवर लावलं. डॉक्टर म्हणाले, जंतुसंसर्ग जपा. तेव्हापासून मी घरात मास्क लावून वावरलो, तिची ताटवाटी उकळत्या पाण्यात घातली आणि बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपू लागलो. परळच्या हॉस्पिटलात नर्सा म्हणायच्या, काका, तुमच्यासारखी फाईल कोणाची नसते. मी खूश व्हायचो. बाईच्या पोटात मरण वाढत होतं आणि मी शेऱ्यावर खूश होत होतो.

तिसऱ्या केमोनंतरची दुपार होती. तिचे केस सगळे गेले होते, भुवयासुद्धा. मी तिला ताक दिलं. तिने दोन घोट घेऊन भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझी दृष्ट काढशील?"

मी हसलो. मला वाटलं, माझ्या प्रयोगाची टिंगल करते आहे. ती नेहमी करायची. पण ती हसली नाही. "मोहरी डब्यात आहे," म्हणाली. "मिरच्या नसतील तर नुसत्या मिठाने काढ."

मला काय झालं ते सांगतो. भीती वाटली. आजाराने हिचं डोकं हलवलं, आता ही गंडेदोरे मागेल, अंगारे मागेल, आणि आम्ही जन्मभर जे उभं केलं ते शेवटच्या महिन्यांत माझ्या डोळ्यांदेखत पडेल, असं वाटलं. मी खुर्ची ओढून तिच्या पलंगाजवळ बसलो आणि तिला समजावलं. फुललेला निखारा, विझलेला निखारा, मिरचीतला तिखट अंश, सगळं. माझा सूर अगदी प्रेमळ होता. ज्या बाईने माझी ती घमेली वर्षानुवर्षं घासली, तिला मी दहा मिनिटं दृष्टीचं शास्त्र सांगितलं.

तिने सगळं ऐकलं. "मला माहीत आहे रे ते," म्हणाली. "मला फक्त..." आणि थांबली. फक्त काय, हे मी विचारलं नाही. मी म्हटलं, "मी तुझ्याशी खोटं वागणार नाही. तुझ्याशी तर नाहीच." ती म्हणाली, "बरं." आणि ताकाचं भांडं मागितलं.

त्यानंतर तिने माझ्याकडे काहीच मागितलं नाही. पाणी, उशी, गोळी, एवढंच. ती सावरली, असं मी समजलो. थोड्या दिवसांनी तिने वर वहिनींकडे जायला सुरुवात केली. "जरा जाऊन येते," म्हणायची आणि भिंतीला धरत धरत लिफ्टपर्यंत जायची. मी सोबत येतो म्हटलं की नको म्हणायची. मला बरंच वाटायचं. चार पावलं चालते, माणसांत बसते. मी डॉक्टरांनाही कौतुकाने सांगितलं आणि फाईलमध्ये नोंद केली, "स्वतः चालते."

खाली यायची तेव्हा डोळे लाल असायचे आणि अंगाला धुराचा वास. मी म्हटलं, वहिनी बांगडे तळत असतील. हातचलाखी पकडण्यात माझं अख्खं आयुष्य गेलं. मोठमोठ्या बाबांच्या मुठीत काय आहे ते मी लांबून ओळखायचो. पण घरातल्या माणसाच्या अंगाला मिरचीचा वास येतोय हे मला ओळखता आलं नाही.

मग तिचं वर जाणं बंद झालं, कारण उठणंच बंद झालं. त्यानंतर वहिनीच खाली यायला लागल्या. त्या आल्या की ती मला सांगायची, "जा, तू पेपर आणायला जा." मी जायचो. सकाळी घरात पेपर येऊन पडलेला असायचा, तरी जायचो. बायकांना आपसांत बोलायचं असतं, असं समजून.

ती गेली ती एका सकाळी, मी तिचं तापमान लिहून घेत असताना. आकडा लिहिला आणि वर बघितलं. विधी काही केले नाहीत. विद्युतदाहिनीत नेलं, दोन मित्र बोलले, घरी आलो. तिच्या बहिणींनी दहाव्या-तेराव्याचा विषय काढला तेव्हा मी शांतपणे नाही म्हटलं. तीही हेच म्हणाली असती, हे त्यांनाही माहीत होतं.

तेराव्या दिवशी दुपारी वहिनी डबा घेऊन आल्या. वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. "आज काय ते मी म्हणत नाय," म्हणाल्या, "नुसतं जेवा." मी जेवलो. जेवता जेवता बोलत होतो, कारण तेरा दिवस मी बोललोच नव्हतो. मी म्हटलं, वहिनी, एका गोष्टीचं मला समाधान आहे. एवढं दुखणं आलं, पण ती कशाच्याही आहारी गेली नाही. मध्ये एकदा जरा डळमळली होती, दृष्ट काढ म्हणाली. पण मी समजावलं आणि तिला ते पटलं. पुन्हा तो विषय नाही.

वहिनी उसळ वाढत होत्या. त्यांनी डाव खाली ठेवला. त्यांना भरून आलं की बोलणं मालवणीवर जातं. "भावोजी," त्या म्हणाल्या, "तुमका सांगू नको म्हणान तिना माका बजावल्यान हुता."

मग त्यांनी सांगितलं. मंगळवारी आणि शनिवारी बाई वर यायची ती दृष्ट काढून घ्यायला. गॅसवर तवा ठेवून वहिनी मीठ-मोहरी-मिरच्या टाकायच्या. पहिल्या दिवशी त्या रीतीप्रमाणे बोलायला लागल्या, आल्या-गेल्याची, पाप्या-चांडाळाची, तेव्हा बाईने त्यांना थांबवलं.

"मला म्हणाली, वहिनी, ते काय म्हणू नका हां, मला पटत नाय ते. नुसता हात फिरवा तोंडावरून. माझी आई फिरवायची तसा."

"मग मिरच्या कशाला?" मी विचारलं. असल्या वेळीही मला हेच विचारावंसं वाटलं.

"मीपण तेच विचारलं. तर म्हणाली, रडायला निमित्त लागतं. ठसका लागला की डोळ्यांना पाणी येतंच, मग कोणी विचारत नाय." वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "लय रडायची हो. अर्धा-अर्धा तास. तुमच्यासमोर कधी रडली नाय?"

नाही, म्हटलं. ती रडत नाही याचा मला अभिमान होता आणि तो मी मित्रांना फोनवर सांगतही होतो.

"म्हणायची, आता माझ्या अंगाला जो तो हात लावतो तो सुई टोचायला. म्हणून मी दर वेळी सांगायचे, अगं भावोजींना सांग की. तर म्हणायची, नको, त्याला वाटेल मी मोडले. त्याने आपलं सगळं आयुष्य त्यावर बांधलंय, आता शेवटी मी कुठे ते हलवू."

वहिनी डबा ठेवून गेल्या. मी तसाच ताटावर बसून राहिलो, हात वाळेपर्यंत.

ती देवाकडे गेली असती तर मला सोसलं असतं. चिडलो असतो, भांडलो असतो, पण ते समजलं असतं. ती कुठेच गेली नव्हती. तिने आमचे दोन्ही नियम शेवटपर्यंत पाळले, एक अक्षर खोटं म्हणू दिलं नाही वहिनींना. तिला फक्त तोंडावरून फिरणारा एक हात हवा होता, आणि तो तिच्या नवऱ्याकडे नव्हता म्हणून ती पोटातलं दुखणं घेऊन दोन मजले वर जात होती. माझ्यापासून लपून. मी जन्मभर धर्माच्या ठेकेदारांविरुद्ध बोललो, की हे लोक माणसाला घाबरवतात, हे लोक माणसाला स्वतःच्या घरात चोर करतात. माझ्या घरातली चोर माझी बायको होती.

देव असता तर निदान त्याच्यापुढे कान पकडले असते. इतकी माणसं तेवढ्यासाठी तरी देव ठेवत असतील. मला तो आजही पटत नाही. तिला कुठेतरी हे कळत असेल असंही मला वाटत नाही. तिला काहीही कळत नाही. ती नाही. तिची माफी मागायची जागाच शिल्लक नाही, आणि हे मीच लोकांना इतकी वर्षं पटवून दिलेलं आहे.

महिन्याभराने आमच्या मंडळींनी दादरला एका छोट्या हॉलमध्ये तिच्या आठवणींची सभा ठेवली. दुपारची वेळ होती. मी ठरवून गेलो होतो की सगळं सांगायचं. दोन पानं लिहूनही नेली होती. इतक्या वर्षांत हीच एक गोष्ट लोकांना सांगण्यासारखी माझ्याकडे होती.

माझ्या आधी तिघे बोलले. शेवटपर्यंत कशापुढेही मान झुकवली नाही, म्हणाले. मरणाला डोळस सामोरी गेली, म्हणाले. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून खोडताही येईना. मग मला उभं केलं. समोर ओळखीचे चेहरे होते, सगळे म्हातारे झालेले. त्यातल्या काहींनी माझं ऐकून घरातले देव उतरवले होते, घरच्यांशी भांडणं घेतली होती. मी कागद खिशातून काढला नाही. मी म्हटलं, आम्ही दोघं शेवटच्या दिवसापर्यंत एकमेकांशी खरं बोललो. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण दोघातिघांना राहवलं नाही.

स्टेजवरून खाली उतरलो तर तिशीची एक मुलगी माझ्यासाठी थांबली होती. खांद्याला पर्स आणि हातात हॉस्पिटलची ती ओळखीची प्लास्टिकची पिशवी. "काका," म्हणाली, "तुमचं ऐकून फार बळ आलं. माझी आई ॲडमिट आहे, इथेच परळला. ती सारखी म्हणते, उशाशी देवाचा एक फोटो ठेव. मी नाही ठेवला. खोटा दिलासा द्यायचा नाही असं मीही ठरवलंय." तिचा आवाज जरा बारीक झाला. "पण मी नाही म्हटल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. मी गेले की भिंतीकडे तोंड करते. काका, मी बरोबर करतेय ना?"

माझ्या दोन्ही बाजूंना आमची मंडळी उभी होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, थोडे हसऱ्या चेहऱ्याने, मी काय बोलणार हे माहीत असल्यासारखे. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की पोरी, फोटो ठेव आणि आईच्या तोंडावरून हात फिरव. दोन पानांचीही गरज नव्हती.

मी म्हटलं, "बरोबर करतेयस. सोपं नसतं, पण ठाम राहा."

तिचे डोळे भरले. तिने वाकून नमस्कार केला नाही, तेवढं शिकलेली होती; माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला. मग घड्याळ बघितलं. भेटायची वेळ चारची होती. "निघते," म्हणाली आणि भराभरा जिना उतरून गेली. मला हाक मारता आली असती. जिना लाकडी होता, तिची पावलं खालपर्यंत ऐकू येत होती. तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि मी तो घेतला.